‘रेट’ आणि निर्वाह : फादर जॉन रायन यांचा सहाशे डॉलरचा हिशोब

 

आजचा विषय अमेरिकेतला आहे आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. पण मी सुरुवात आमच्या सोसायटीच्या जिन्यापासून करणार आहे. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायला आलं. त्या मुलीने माझ्या पत्नीला विचारलं, “काकू, इथे केर-फरशी आणि भांड्यांचा रेट काय आहे?” हिने सांगितला. मुलगी म्हणाली, “ठीक आहे, मग तेवढाच देऊ.” दोन मिनिटांत विषय संपला. मी तिथेच उभा होतो. आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या मनात त्या वेळी काहीही आलं नाही, हे कबूल करतो. आलं ते रात्री. रेट म्हणजे काय? तर बाकीचे देतात तो. बाकीचे तेवढाच का देतात? तर त्यांचे शेजारी तेवढाच देतात म्हणून. या सगळ्या साखळीत एक प्रश्न कुठेच येत नाही, की त्या बाईंचं तेवढ्यात भागतं का?

हा प्रश्न ज्या माणसाने एका धर्मशास्त्रीय प्रबंधाचा विषय केला, त्याच्याबद्दल आज बोलायचं आहे. नाव फादर जॉन ऑगस्टीन रायन. पुढे त्यांना मॉन्सिन्यॉर ही पदवी मिळाली, पण आपण रायनच म्हणू. त्यांची कागदपत्रं वॉशिंग्टनमधल्या ‘कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका’च्या अभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत. जिथे ते शिकले आणि पुढे जिथे त्यांनी जवळजवळ पाव शतक शिकवलं, तेच हे विद्यापीठ. या कागदपत्रांच्या आधारे फ्रान्सिस ब्रॉडरिक यांनी १९६३ साली त्यांचं चरित्र लिहिलं. मी अभिलेखागाराचा मुद्दाम उल्लेख करतो. एखादा विचार पुस्तकात वाचला की तो एका दमात सुचला असं वाटतं. त्याच माणसाची पत्रं, टिपणं, मसुदे क्रमाने लावले की कळतं, एक वाक्य कायद्यात उतरायला तीस वर्षं लागली आणि त्या तीस वर्षांत त्या माणसाने किती शिव्या खाल्ल्या.

रायन यांचा जन्म १८६९चा, मिनेसोटा राज्यातल्या व्हर्मिलियन नावाच्या खेड्यातला. आईवडील आयर्लंडहून आलेले शेतकरी. त्या काळात तिथला शेतकरी तीन जणांच्या कचाट्यात होता : माल नेणारी रेल्वे, धान्य साठवणारा गोदामवाला आणि गहाणखत लिहून घेणारा सावकार. हे चित्र महाराष्ट्रातल्या माणसाला अधिक समजावून सांगायची गरज नाही. त्या भागात शेतकऱ्यांच्या संघटना उभ्या राहत होत्या आणि घरात त्याची चर्चा होत होती. म्हणजे हा मुलगा सेमिनरीत, धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, गेला तेव्हा आर्थिक अन्याय हा शब्द त्याला पुस्तकात पहिल्यांदा भेटला नाही.

सेमिनरीत त्यांच्या हाती पोप तेरावे लिओ यांचं १८९१ सालचं ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्र आलं. यात कामगारांच्या स्थितीविषयी चर्चने पहिल्यांदा इतक्या सविस्तर भूमिका घेतली होती. त्यातला एक मुद्दा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने नीट समजून घ्यायला हवा. मालक आणि मजूर यांच्यात करार झाला, दोघांनी मान्य केला, ठरलेली मजुरी दिली, मग न्याय पुरा झाला का? पोप म्हणतात, नाही. करारापेक्षा जुना आणि करारापेक्षा वरचढ असा एक नैसर्गिक न्याय आहे : मजुरी इतकी हवी की काटकसरी, सरळमार्गी मजुराचा निर्वाह व्हावा. गरजेपोटी त्याने त्याहून कमी स्वीकारलं, तर ती त्याची संमती नव्हे, तो त्याच्यावर झालेला बळाचा प्रयोग आहे.

बरं, तत्त्व मिळालं. पण निर्वाह म्हणजे किती? पोपने आकडा दिला नव्हता, देणं शक्यही नव्हतं. धर्मसभेत सगळे माना डोलावतात आणि सोमवारी कारखान्यात मजुरी तीच राहते. रायन यांनी आपल्या डॉक्टरेटसाठी नेमकी हीच जागा पकडली. १९०६ साली त्यांचा प्रबंध ‘अ लिव्हिंग वेज’ या नावाने मॅकमिलनने प्रसिद्ध केला. प्रस्तावना लिहिली रिचर्ड ईली यांनी, जे त्या काळचे नावाजलेले अर्थतज्ज्ञ होते. धर्मशास्त्राच्या पदवीचा प्रबंध आणि त्यात भाडं, कपडे, कोळसा, भाजीपाला यांचे तक्ते! अर्धं पुस्तक हक्क कुठून येतो यावर, उरलेलं तो किती डॉलर होतो यावर.

आधी हक्काचा भाग बघू, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे. रायन यांची मांडणी मी माझ्या शब्दांत सांगतो. ही पृथ्वी ईश्वराने सगळ्यांच्या पोषणासाठी निर्माण केली. ज्यांना ईश्वर मान्य नाही त्यांनी एवढंच म्हणावं की पृथ्वी कुणी एकट्याने निर्माण केलेली नाही. तेव्हा तिच्यातून जगण्याचा मूळ हक्क सगळ्यांचा सारखा. अट एकच, माणसाने आपल्या ताकदीप्रमाणे काम करावं. आता आजच्या समाजात जमीन, यंत्रं, भांडवल हे काही जणांच्या ताब्यात आहे. त्यांचा ताबा रायन नाकारत नाहीत, खाजगी मालमत्ता त्यांना मान्य आहे. पण ज्यांच्या हातात दाराची किल्ली आहे त्यांच्यावर एक कर्तव्य येतं : जो काम करायला तयार आहे त्याला वाजवी अटींवर आत येऊ देणं. मजुराकडे दुसरं दार नाही. त्याला पृथ्वीच्या फळांपर्यंत पोचायचा रस्ता म्हणजे मजुरी. म्हणून निर्वाहापुरती मजुरी न देणं म्हणजे कंजूषपणा नव्हे, दुसऱ्याचं अडवून धरणं आहे.

लक्षात घ्या, इथे दया हा शब्द नाही, दानही नाही. आपल्याकडे दिवाळीला मावशींना साडी देतो आणि मन हलकं होतं. रायन म्हणतील, साडी द्या, चांगलंच आहे, पण देणं वेगळं आणि देणं लागणं वेगळं. आपल्या मराठीत ‘देणं’ या एकाच शब्दाला दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे आपली थोडी सोय होते.

आता आकडा. सरकारी कामगार खात्याचे अहवाल, शहरी कुटुंबांचे खर्चाचे तपशील, कामगार नेत्यांचे आणि अभ्यासकांचे अंदाज हे सगळं गोळा करून रायन वर्षाला ६०० डॉलरवर आले. पण खरी गंमत त्या आकड्याभोवतीच्या भाषेत आहे. ते म्हणतात : ६०० डॉलरहून कमी रक्कम अमेरिकेतल्या कुठल्याच शहरात कुटुंबाला पुरणारी नाही. दक्षिणेकडच्या शहरांत ६०० बहुधा पुरतील. उत्तर, पूर्व आणि पश्चिमेकडच्या मध्यम शहरांत पुरणं शक्य आहे. आणि तिथल्या काही सर्वांत मोठ्या शहरांत ते नक्कीच पुरणार नाहीत. बघा, एकाच आकड्याला चार पायऱ्यांची खात्री. मी अनेक पीएच. डी.चे प्रबंध तपासलेत, आपल्याला काय नक्की माहीत आहे आणि काय अंदाजाने, हे इतकं स्वच्छ वेगळं करणारे फार थोडे पाहिले.

आणि यादीत काय होतं? अन्न, वस्त्र, निवारा तर होताच. पण आजारपण आणि म्हातारपणासाठी शिल्लक, थोडी करमणूक, थोडं वाचन, एखाद्या संघटनेची वर्गणी, चर्चला आणि गरजूला द्यायला चार पैसे, हेही होतं. शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला स्वतः दुसऱ्याला काही देता येत नाही तो माणूस म्हणून पुरा जगत नाही, हे त्यात गृहीत आहे. मग रायन यांनी त्या वेळची मजुरीची आकडेवारी बाजूला ठेवली आणि निष्कर्ष काढला, की शहरांतले किमान ६० टक्के प्रौढ पुरुष कामगार या ६०० डॉलरच्या खाली आहेत.

इथून पुढे गोष्ट बदलते. ‘मजुरी न्याय्य असावी’ या वाक्याला कुणी विरोध करत नाही, आणि म्हणून त्याने काही होतही नाही. ‘मजुरी वर्षाला ६०० डॉलर असावी’ म्हटलं की लगेच लोक उठून उभे राहतात. रायन यांचं मोठेपण मला यात दिसतं, की त्यांनी विरोध करता येईल असं वाक्य लिहिलं.

विरोध झालाच. १९१३ साली मिनेसोटाने स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठी किमान वेतनाचा कायदा केला, त्याच्या मसुद्यात रायन यांचा हात होता. १९१६ साली त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ आला, ‘डिस्ट्रिब्युटिव्ह जस्टिस’. भाडं, व्याज, नफा आणि मजुरी या चारही वाट्यांची त्यात नैतिक तपासणी आहे. त्यावर स्वतंत्र व्याख्यान करावं लागेल. आज एकच मुद्दा : मालक म्हणाला, मला परवडत नाही, तर? रायन म्हणतात, आधी मजुरी, मग भांडवलावरचं व्याज. मालकाने स्वतःच्या कुटुंबाचा बेताचा खर्च काढावा, पण गुंतवलेल्या पैशावरचा लाभ घेण्याआधी कामगाराचा निर्वाह पुरा करावा. तेवढंही खरोखर शक्य नसेल तर त्याच्यावर दोष नाही, मग जबाबदारी शासनाकडे जाते.

१९१९ साली पहिलं महायुद्ध संपलेलं होतं. अमेरिकन बिशपांच्या समितीने सामाजिक पुनर्रचनेचा एक कार्यक्रम जाहीर केला, तो रायन यांनी लिहिलेला. किमान वेतन, आजारपण-बेकारी-म्हातारपण यांचा विमा, बालमजुरीवर बंदी, संघटनेचा हक्क, स्त्रियांना समान कामाला समान वेतन, कारखान्याच्या कारभारात कामगारांचा सहभाग. हे बिशप बोलताहेत! अप्टन सिंक्लेअरसारख्या चर्चच्या कडव्या टीकाकारालाही हा चमत्कार वाटला. कारखानदारांना अर्थातच हा समाजवाद वाटला. तसं पाहिलं तर रायन समाजवादाचे विरोधक. मॉरिस हिलक्विट या समाजवादी नेत्याशी त्यांचा एका मासिकातून चाललेला वाद १९१४ साली पुस्तकरूपाने आला. पण हे बिरुद त्यांना कायम चिकटलं. १९२४ साली बालमजुरीविरोधी घटनादुरुस्तीला त्यांनी पाठिंबा दिला तेव्हा तर बोस्टनचे कार्डिनल ओ’कॉनेल त्यांच्यावर उखडले. म्हणजे मार केवळ बाहेरून नव्हता.

सगळ्यात मोठा फटका बसला १९२३ साली, सर्वोच्च न्यायालयात. ‘ॲडकिन्स विरुद्ध चिल्ड्रन्स हॉस्पिटल’ हा तो खटला. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा निकाल मला रायन यांच्या पुस्तकाइतकाच वाचनीय वाटतो, कारण त्यांच्या विरोधातला सगळ्यात सशक्त युक्तिवाद त्यात आहे. वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांसाठी किमान वेतनाचा कायदा होता. त्या खटल्यात एक २१ वर्षांची मुलगी होती, हॉटेलात लिफ्ट चालवणारी. महिन्याला ३५ डॉलर आणि दोन वेळचं जेवण. कायद्याने ठरवलेलं वेतन त्याहून जास्त होतं, हॉटेलने तिला कमी केलं. तिचं म्हणणं, मला ही नोकरी आवडत होती, ती मला कायद्यामुळे गमवावी लागली. यावर न्यायमूर्ती सदरलँड यांचं प्रतिपादन असं : कामगाराची गरज किती हा प्रश्न मालकाशी संबंधित नाही. मालकाने ती गरज निर्माण केलेली नाही. तुम्ही खाटकाकडे किंवा वाण्याकडे गेलात तर पैशाच्या मोलाचा माल मिळतो. तुमची भूक जास्त आहे म्हणून तो जास्त देत नाही. मग श्रमाच्या बाजारातच वेगळा नियम का?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या मुलीची तक्रारही खोटी नाही. किमान वेतन आलं की काहींचं काम जातं, हा वाद अर्थशास्त्रात आजही चालू आहे आणि मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. पण तत्त्वाच्या पातळीवर रायन यांच्या भूमिकेतून उत्तर काय येतं बघा. वाणी आणि गिऱ्हाईक यांच्यात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं, किंवा आज साखर न घेता परतही जाऊ शकतं. मजुराला त्याचा दिवस गोदामात ठेवता येत नाही. आजचा न विकलेला दिवस उद्या विकता येत नाही. आणि दुसरं : साखर विकली की वाण्याचा तिच्याशी संबंध संपतो. श्रम विकणारा माणूस मात्र विकलेल्या श्रमाबरोबर स्वतः कामावर जातो. तो अर्धपोटी असेल तर विकत घेतलेल्या वस्तूतच तो अर्धपोटीपणा आहे.

चौदा वर्षांनी, १९३७ साली, न्यायालयाने हा निकाल फिरवला. तो खटला वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची गावचा. हॉटेलच्या खोल्या साफ करणारी एक बाई, एल्सी पॅरिश. राज्याच्या १९१३च्या कायद्याप्रमाणे ४८ तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर मिळायला हवे होते, मिळत होते त्याहून कमी. तिने फरकाची रक्कम मागितली : २१६ डॉलर १९ सेंट. सरन्यायाधीश ह्यूज यांनी दिलेल्या निकालात एक मुद्दा असा आला, की मालक निर्वाहाहून कमी देतो तेव्हा उरलेला खर्च नाहीसा होत नाही, तो समाज करातून भरतो. म्हणजे अशा मालकाला सगळा गाव अनुदान देत असतो. केर काढणाऱ्या एका बाईच्या २१६ डॉलरसाठी एका देशाचा घटनात्मक विचार बदलला.

तोवर रायन रूझवेल्टच्या बाजूने उघड उभे राहिले होते. १९३६ साली त्यांनी रेडिओवर भाषण केलं, आणि फादर कॉफलिन या रेडिओवरच्याच लोकप्रिय धर्मगुरूने त्यांची ‘राइट रेव्हरंड न्यू डीलर’ म्हणून टवाळी केली. संतापलेल्या श्रोत्यांच्या पत्रांचा ढीग पडला. १९३७च्या जानेवारीत मात्र रूझवेल्टच्या शपथविधीत आशीर्वादाची प्रार्थना रायन यांनी म्हटली. तो मान मिळालेले ते पहिले कॅथलिक धर्मगुरू. १९४१ साली त्यांचं आत्मचरित्र आलं, १९४५ साली ते वारले.

रायन यांचा संतपट रंगवायचा नाही, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, त्यांचं निर्वाह वेतन हे कुटुंबप्रमुख पुरुषाचं होतं. कुटुंब पोसण्याइतकी मजुरी हा पुरुषाचा हक्क, आणि स्त्रीला तिच्या एकटीच्या निर्वाहापुरती. विवाहित स्त्रीने घराबाहेर काम करणं त्यांना आपत्ती वाटे. चार घरची कामं करून एकटीने मुलं वाढवणारी बाई त्यांच्या तक्त्यात नीट बसत नाही. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची. १९२२ साली सहलेखकाबरोबर लिहिलेल्या धर्म आणि राज्यसंस्था यावरच्या पुस्तकात त्यांनी जुनी शिकवण तशीच मांडली, की आदर्श कॅथलिक राज्यात इतर धर्मांच्या प्रचारावर मर्यादा घालता येतील. पुढे अल स्मिथ हे कॅथलिक उमेदवार १९२८ साली अध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा विरोधकांना हे हत्यार आयतंच मिळालं. मजुरीच्या बाबतीत जो माणूस माणसाच्या प्रतिष्ठेवरून आकड्यापर्यंत गेला, तो श्रद्धेच्या बाबतीत त्याच प्रतिष्ठेवरून स्वातंत्र्यापर्यंत जाऊ शकला नाही.

आणि १९३८ साली आलेला देशव्यापी किमान वेतनाचा कायदा? तासाला २५ सेंट. पहिल्या वर्षी आठवडा ४४ तासांचा. घरी गेल्यावर गुणाकार करून बघा : आठवड्याचे ११ डॉलर, वर्षाचे ५७२. म्हणजे ३२ वर्षांपूर्वीच्या ६०० डॉलरहून कमीच, आणि दरम्यान भाव कुठल्या कुठे गेलेले. किमान वेतन मिळालं, निर्वाह वेतन नाही. शिवाय घरकाम करणाऱ्या बाया आणि शेतमजूर या कायद्याच्या बाहेर होते. घरकाम करणाऱ्यांना तो लागू व्हायला १९७४ साल उजाडलं.

‘किमान’ आणि ‘निर्वाह’ हा फरक आपल्याही घटनेत आहे. अनुच्छेद ४३ काढून बघा, मराठी आवृत्तीत शब्दच ‘निर्वाह वेतन’ असा आहे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. न्यायालयात जाऊन मागता येत नाही. मागता येतं ते किमान वेतन. त्याचं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली मांडलं आणि १९४८ साली कायदा झाला. मग १९५७ साली भारतीय श्रम परिषदेने मोजमाप ठरवलं : प्रौढ माणसाला २७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, जळण आणि दिवाबत्तीसाठी वेगळा वाटा. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यासाठी आणखी २५ टक्के धरा, हे सर्वोच्च न्यायालयाने नव्वदीच्या सुरुवातीला रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात सांगितलं. १९०६च्या यादीशेजारी ही यादी ठेवून वाचा. रायन यांचा आणि आपल्या या परिषदेचा थेट संबंध जोडायचा माझा उद्देश नाही. पण प्रश्न गंभीरपणे घेतला की माणूस शेवटी वार आणि शेर मोजायला बसतो, मग तो पाद्री असो की मजूरमंत्री.

त्या रात्री मीही बसलो. जुन्या डायरीच्या मागच्या पानावर. मावशींना दुसऱ्या दिवशी विचारलं, “मावशी, खोलीचं भाडं किती हो?” त्या आधी घाबरल्या, त्यांना वाटलं काम सुटतंय. मग सांगितलं. गॅस, रेशन, धाकटीच्या क्लासची फी, गावी सासूला पाठवायचे पैसे. वर्गणीचं विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या, “भिशी आहे ना.” सगळ्याची बेरीज केली, त्यांच्या चार घरांनी आणि कामाच्या तासांनी भागली, आणि आमच्या घराचा वाटा काढला. तो ‘रेट’च्या जवळजवळ दीडपट निघाला. ही म्हणाली, “आपण दिले तर बाकीचे तिघं काय म्हणतील?” पुढच्या महिन्यापासून आम्ही आमचा वाटा द्यायला लागलो. बाकीच्या तिघांपैकी एकाने मला जिन्यात गाठून विचारलं, “सर, तुम्ही रेट बिघडवताय.” रायन यांचा युक्तिवाद मी त्यांना पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत सांगितला. पटला की नाही ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

प्रश्न असतील तर घेऊ या. मागच्या रांगेत हात वर आहे, बोला.